गावाला ठाऊक असतं

"मॅडम, ह्याला शेवटच नाही."

काकांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं खरं, पण हात त्यावरून काढला नाही. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर आमच्या वाचनालयाचे सभासद झाले. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडावर वाढलेला माणूस. गुन्हा झाला की गुन्हेगार सापडला पाहिजे, रात्री डेपोत तिकिटं आणि रोकड जुळते तसं शेवटच्या पानावर सगळं जुळलं पाहिजे, ही त्यांची अपेक्षा. या पुस्तकानं ते जुळू दिलं नव्हतं. "कबुली दिली त्या पोरानं. पण त्यानंच केलंय का? मला नाही वाटत. मग लेखिका सांगत का नाही? तिला तर माहीत असेल ना?"

एकवीस वर्षं मी या काउंटरवर बसते आहे. पुस्तक परत करताना माणूस जे पहिलं वाक्य बोलतो, ते मला फार मोलाचं वाटतं. त्यात तो कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नसतो. शेवटचं पान बहुधा आदल्या रात्री उशिरा संपलेलं असतं, झोप नीट झालेली नसते, आणि मनातलं तसंच्या तसं बाहेर येतं. स्वीडन, नॉर्वे, आइसलँडच्या गुन्हेकथांचं एक कपाट आमच्याकडे आहे, सगळी इंग्रजी अनुवादातली. सभासद त्याला 'बर्फाचं कपाट' म्हणतात. त्या कपाटातलं पुस्तक परत आलं की ऐकू येणारी वाक्यं मला आता पाठ आहेत. फार अंधार आहे हो. किती सावकाश चालतं. त्या इन्स्पेक्टरला घरदार नाही का? एवढ्याशा गावात इतके खून? आणि सगळ्यात जास्त वेळा, जरा आवाज खाली आणून: ती माणसं बोलत का नाहीत एकमेकांशी?

काकांच्या हाताखालचं पुस्तक नॉर्वेच्या कारिन फोसुम यांचं होतं. मूळ पुस्तक २००० सालचं, नॉर्वेजियन नाव 'एल्स्केदे पूना', म्हणजे 'लाडकी पूना'. पूना हे आमचं शहर नव्हे, ते एका बाईचं नाव आहे. एल्वेस्ताद नावाच्या काल्पनिक खेड्यात शेतीची यंत्रं विकणारा एक माणूस राहतो. पन्नाशी ओलांडलेला, सावकाश, भला, एकटा. तो मुंबईला येतो, तिथे त्याला एक स्त्री भेटते, तो तिच्याशी लग्न करतो आणि घर तयार करायला पुढे निघून जातो. ती मागून येणार असते. ती विमानातून उतरते त्याच दिवशी त्याच्या बहिणीला मोटारीचा अपघात होतो. तो इस्पितळात अडकतो, विमानतळावर पाठवलेल्या ड्रायव्हरची आणि तिची चुकामूक होते. ती एकटीच गावापर्यंत पोचते. नवऱ्याचं घर थोड्याच अंतरावर असतं. तिथे ती कधीच पोचत नाही. दुसऱ्या दिवशी माळावर तिचा मृतदेह सापडतो.

पुण्यातल्या वाचकांनी या पुस्तकाबद्दल पहिली तक्रार केली ती नावाची. पुस्तकात तिचं पूर्ण नाव पूना बाई. "बाई हे काय आडनाव झालं?" एक निवृत्त शिक्षिका माझ्यावरच रागावल्या, जणू पुस्तक मी लिहिलं होतं. "जरा कुणाला विचारलं असतं तर!" मला त्यांचं पटलं होतं, अजूनही पटतं. पण नंतर ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, की त्या खेड्यातल्या माणसांपाशी तरी तिचं धड नाव कुठे होतं? आली त्या संध्याकाळी ती त्यांच्यासाठी एक परकी, सावळी बाई होती, बॅग घेऊन चालत निघालेली. ती कोण, कुणाकडे आली, हे बहुतेकांना ती मेल्यावर कळलं.

आणि त्यानंतर गाव गप्प होतं. फोसुमना खरं तर तेवढंच लिहायचं असतं, असं मला वाटतं. त्यांची सुरुवात कवितेनं झाली, पहिला संग्रह १९७४ मध्ये आला आणि त्याला नॉर्वेत पदार्पणासाठी दिला जाणारा मानाचा पुरस्कार मिळाला. इस्पितळांत, वृद्धांच्या शुश्रूषागृहांत त्यांनी नोकऱ्या केल्या. त्यांच्या पुस्तकात रक्त फार थोडं आहे. कुणी काहीतरी पाहिलेलं असतं, पण सांगितलं तर उद्यापासून दुकानात, रस्त्यावर, बसस्टॉपवर त्याच माणसांसमोर उभं राहायचं असतं. ज्याच्यावर संशय आहे तो कुणाचा तरी मुलगा आहे, त्याला लहानपणापासून सगळ्यांनी पाहिलं आहे. जी मेली तिला कुणीच ओळखत नव्हतं. या तराजूत गाव कुठल्या बाजूला झुकेल हे सांगायला इन्स्पेक्टर लागत नाही.

काकांना मी तेव्हा एवढंच म्हटलं, की न केलेला गुन्हाही माणूस कबूल करतो. ते म्हणाले, "मारहाण झाली तर करेल. इथे तर तो इन्स्पेक्टर किती सभ्य आहे."

मग मी त्यांना आइसलँडची हकिगत सांगितली, ती खरी आहे. १९७४ च्या जानेवारीत हाफ्नारफ्योर्दुर गावातून अठरा वर्षांचा एक मुलगा नाच संपल्यावर घरी जाताना नाहीसा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात केफ्लाविकमधला एक बांधकाम कामगार कुणाला तरी भेटायला घराबाहेर पडला, तो परतलाच नाही. दोघांचेही मृतदेह कधीच मिळाले नाहीत. देशाची लोकसंख्या तेव्हा दोन लाखांच्या आसपास. अशा देशात दोन माणसं बेपत्ता होऊन उत्तरच न मिळणं लोकांना सहन होत नव्हतं. सहा तरुण पकडले गेले. महिनोन्‌महिने एकांत कोठडीत ठेवल्यावर त्यांनी कबुल्या दिल्या, त्यातल्या काहींना तर आपण ते केलं असावं असं खरंच वाटू लागलं होतं. शिक्षा झाल्या. त्या काळी रेक्याविकच्या पोलिसांत असलेले गिस्ली गुड्योन्सोन पुढे मानसशास्त्रज्ञ झाले, खोट्या कबुल्यांच्या अभ्यासात त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. स्वतःच्याच आठवणीवरचा विश्वास उडाला की माणूस दुसऱ्याची आठवण आपली म्हणून स्वीकारतो, हे त्यांनी दाखवून दिलं. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच जणांना निर्दोष ठरवलं. तोवर त्यातले दोघे वारले होते.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. पुस्तक मात्र परत करून गेले.

या पुस्तकांचे तिकडचे वाचक त्यांच्याशी कसे वागतात, याचं मला कुतूहल असतं. नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत गुन्हेकथा वाचायची रीत आहे. लोक डोंगरातल्या लाकडी घरांत जातात, बर्फावर घसरतात, संत्री सोलतात आणि खून वाचतात. दुधाच्या खोक्यांवरसुद्धा त्या दिवसांत छोट्या रहस्यकथा छापून येतात. ही रीत सुरू झाली ती मार्च १९२३ मध्ये. ओस्लोच्या मोठ्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आलं: बर्गनची आगगाडी रात्री लुटली! ती एका नव्या कादंबरीची जाहिरात होती, शीर्षकच तसं होतं. पण ज्यांची माणसं त्या गाडीनं सुट्टीला निघाली होती, त्यांच्या काळजाचं पाणी झालं, लोक चौकशा करू लागले. मला ही गोष्ट फार आवडते. त्या सकाळी कथा आणि बातमी यांत फरकच उरला नव्हता, आणि वाचकाची पहिली प्रतिक्रिया होती ती आपल्या माणसाची काळजी.

ती काळजी पुढेही दिसते. स्वीडनच्या दक्षिण टोकाला इस्ताद नावाचं बंदराचं गाव आहे, वीस हजारांच्या आत-बाहेर वस्तीचं. हेनिंग मांकेल यांनी आपला इन्स्पेक्टर वालांदर तिथे वसवला. पहिलं पुस्तक १९९१ चं. शेतावर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यावर हल्ला होतो, म्हातारी मरण्यापूर्वी एकच शब्द बोलते: परदेशी. तो शब्द बाहेर फुटतो आणि गावाजवळच्या निर्वासितांवर हल्ले सुरू होतात. मांकेल आफ्रिकेतून मायदेशी परतल्यावर त्यांना स्वीडनमध्ये परक्यांबद्दलचा जो द्वेष दिसला, त्यातून ही कादंबरी आली. इन्स्पेक्टरचं नाव त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं. पण वाचकांनी त्याला जिवंत माणूस करून टाकला. १९९४ च्या नोव्हेंबरात स्वीडननं युरोपीय संघात जायचं की नाही यावर मतदान होणार होतं. त्या सुमारास एका अनोळखी गृहस्थानं मांकेलना रस्त्यात थांबवून विचारलं, की वालांदर कोणत्या बाजूनं मत देणार आहे? मांकेल यांनीच ही आठवण लिहून ठेवली आहे.

याच वालांदरला पुढे मधुमेह होतो. आमच्याकडच्या एका मावशी, स्वतः रोज इन्शुलिन घेणाऱ्या, पुस्तक परत करताना म्हणाल्या होत्या, "रात्री-अपरात्री काय वाट्टेल ते खातो. सांगायला कुणी नाही ना घरात." त्या पूर्ण मनापासून बोलत होत्या. शेवटच्या पुस्तकात त्याची स्मृती जाऊ लागते. ते पुस्तक त्यांनी परत केलं तेव्हा काही बोलल्याच नाहीत. पुढचे दोन महिने बर्फाच्या कपाटाकडे फिरकल्या नाहीत.

अंधाराची तक्रार करणाऱ्यांना मी सिग्लुफ्योर्दुरबद्दल सांगते. आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे गाव, वस्ती हजार-बाराशेची. एके काळी हेरिंग माशांमुळे तिथे सोनं पिकत होतं, हंगामात बोटींनी बंदर भरून जायचं. मासे संपले, गाव उरलं. राग्नार योनासोन या वकील-लेखकाचे आजी-आजोबा तिथले, त्यांनी आपल्या कादंबऱ्या त्याच गावात घडवल्या. चहूबाजूंनी डोंगर आणि समोर समुद्र. डोंगरातून बोगदा निघेपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, हिवाळ्यात रस्त्यानं बाहेर पडायची सोयच नव्हती. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य डोंगराआड जातो, तो थेट जानेवारीच्या अखेरीस दिसतो. तो दिसला की गावात घरोघरी पॅनकेक करतात, आपल्या धिरड्यांसारखे पातळ. हे पॅनकेक ठाऊक झाल्यापासून त्या पुस्तकांतला अंधार मला वेगळा वाटू लागला. एरवी पुस्तकात अंधार आला की तो आपल्याला घाबरवायला आणलाय असं वाटतं. इथे तो आपल्याकडच्या पावसासारखा आहे. दरवर्षी येतो, त्याची तयारी करायची असते, तो गेला की गोड करायचं असतं.

खुनांच्या संख्येबद्दल वाचक म्हणतात ते खरंच आहे. आइसलँडमध्ये वर्षाकाठी होणारे खून बहुधा एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि पुस्तकांत मात्र एकेका खेड्यात तेवढे होतात. फ्येलबाका हे स्वीडनचं किनाऱ्यावरचं हजारेक वस्तीचं सुंदर गाव, कामिला लेकबरी यांनी त्यांच्याच या जन्मगावाला इतके मुडदे पाडायला लावले, की पर्यटक आता ती ठिकाणं बघत फिरतात. पण हा हिशेब मला दुय्यम वाटतो. खून हे त्या पुस्तकांत निमित्त आहे. शांत पाण्यात दगड टाकल्याशिवाय तळाचा गाळ वर येत नाही, म्हणून लेखक दगड टाकतो.

तो गाळ कसला, हे आक्सेल सांदेमूसे यांनी १९३३ मध्येच लिहून ठेवलं होतं. डेन्मार्कमधल्या आपल्या लहानपणच्या गावावरून त्यांनी यान्ते हे काल्पनिक गाव रचलं आणि त्या गावाचे दहा नियम दिले. तू कुणीतरी आहेस असं समजू नकोस. तू आमच्यापेक्षा शहाणा आहेस असं समजू नकोस. या धर्तीचे. स्कँडिनेव्हियात यान्तेचा कायदा हा शब्द आता रोजच्या बोलण्यात आहे, लोक त्याला समतेचा नाहीतर मत्सराचा कायदा म्हणतात. पण तो ज्या कादंबरीतून आला तिचा निवेदक स्वतः एक खुनी आहे, पूर्वी केलेल्या खुनाचं मूळ आपल्या बालपणीच्या गावात शोधणारा, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं. आणि दहा नियमांनंतर एक अकरावा येतो, धमकीच्या स्वरातला. त्याचा आशय असा, की तुला काय वाटतं, मला तुझ्याबद्दल काहीच ठाऊक नाही?

हा अकरावा नियम वाचला त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण मला आमचं गाव आठवलं.

सातारा जिल्ह्यात, नदीकाठी. मी नऊ वर्षांची होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे. शेजारच्या वाड्यात एक सून होती, इंदूरकडची. तिचं मराठी जरा वेगळ्या वळणाचं, म्हणून बायका तिला 'इंदूरवाली' म्हणत. रोज दुपारी ती पितळी तांब्या घेऊन आमच्याकडे ताकाला यायची. माझे केस विंचरायची. एके दिवशी ती दुपारी आली नाही, दिवेलागणीला आली. ओसरीवर बसली. आजीला काहीतरी म्हणाली, मला एवढंच कळलं की तिला त्या रात्री आमच्याकडे राहायचं होतं. आजी म्हणाली, "असं करू नये बाळा. आपल्या घरी जा. सकाळी बोलू." ती उठली आणि गेली. तांब्या ओसरीवरच राहिला.

सकाळी ती विहिरीत सापडली. पाणी काढताना पाय घसरला, असं लिहिलं गेलं. फौजदार आले, पोलीसपाटलाच्या ओसरीवर चहा झाला. आमच्याकडे कुणी विचारायला आलं नाही आणि आमच्याकडून कुणी सांगायला गेलं नाही. रात्री अंधारात ती पाणी कशाला काढेल, तिचा तांब्या तर आमच्याकडे होता, हे मला नऊ वर्षांच्या पोरीला सुचत होतं. मी आजीला म्हटलं. आजीनं माझ्या तोंडावर हात ठेवला, रागानं नव्हे, अगदी हळू. त्या हाताला चिंचेचा वास होता. ती भांडी घासत होती.

माझी आजी वाईट नव्हती. गावातल्या किती बाळंतिणींना तिनं वाचवलं होतं. त्या वाड्यातल्या माणसांशी तिचं तीन पिढ्यांचं येणं-जाणं होतं, त्यांच्या बांधाला आमचा बांध होता. आज मी एल्वेस्तादमधल्या त्या गप्प माणसांबद्दल वाचते तेव्हा मला त्यांचा राग येतो, आणि त्यांच्या चेहऱ्यांत मला आजी दिसते. स्वीडनच्या मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावरच्या कादंबऱ्यांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक, १९६५ चं, मुताला गावाजवळ कालव्याचा गाळ काढताना सापडलेल्या एका तरुणीच्या प्रेतानं सुरू होतं. तिचं नाव कळायलाच पोलिसांना महिने लागतात. "फार सावकाश," म्हणून ते पुस्तक आमच्याकडे कितीदा अर्धवट परत आलं आहे. मला मात्र ते महिने फार लवकर संपल्यासारखे वाटतात. निदान तिथे कुणीतरी तिचं नाव शोधत होतं.

काका पंधरा दिवसांनी आले. पुन्हा तेच पुस्तक मागितलं. मी कार्डावर नोंद करत असताना म्हणाले, "आमच्या रूटवर एक स्टॉप होता. एक पोरगी रोज चढायची, कॉलेजला. एक दिवस तिच्याबरोबर दोन जण चढले, ती माझ्याकडे बघत होती सारखी. मी तिकिटं फाडत पुढे गेलो. नंतर कधी ती दिसली नाही." एवढं सांगून ते थांबले. पुढे काय झालं, काही झालं की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. मग म्हणाले, "शेवट आहे त्याला. मागच्या खेपेला माझं वाचायचं राहिलं होतं."

त्या रात्री मी गावी चुलतभावाला फोन केला. आजीच्या स्वयंपाकघरातला तो पितळी तांब्या कधी परत गेलाच नव्हता, फडताळात वरच्या फळीवर असायचा. काकू अजून आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना फोन द्यायला सांगितलं आणि विचारलं, "काकू, त्या इंदूरवालीचं नाव काय हो होतं?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, "अगं, इंदूरवालीच म्हणायचो की आम्ही."

मी भावाला म्हटलं, तांब्या काढून बघ, लग्नातला असेल तर नाव घातलेलं असेल. त्यानं दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती, चिंच आणि राखेनं झिजलेली. मी मोबाइलवर मोठं करून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. 'चि. सौ. कां.' एवढं लागतं. पुढे एक 'सु' आहे. त्यानंतर नुसतं पितळ.